ओल्या बियांचा भाव

कोको पिकवणाऱ्याच्या पदरात किती पैसे पडणार, हे बरंचसं फळ फोडल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत ठरून जातं. फळाच्या जाड सालीआड पांढऱ्या, आंबटगोड गरात लपेटलेल्या तीस-चाळीस बिया असतात. फळ फोडलं की गर आंबायला लागतो. सुपारी किंवा मिरी घरात ठेवून भाव चढायची वाट बघता येते. ओली कोको बी तशी ठेवता येत नाही. शेतकऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. त्याच दिवशी दारात आलेल्या खरेदीदाराला तो म्हणेल त्या भावानं ओली बी तोलून द्यायची, किंवा आठवडाभर ती नीट आंबवून, पुढचा आठवडा वाळवून सुकी बी विकायची. दुसऱ्या वाटेला जागा लागते, माणूस लागतो, ऊन लागतं. सगळ्यात अडचणीची गोष्ट म्हणजे माल भरपूर लागतो, आणि तो दोन-चार एकरवाल्याकडे एका वेळी जमत नाही.

चॉकलेटच्या धंद्यातल्या अन्यायाची चर्चा बहुधा पश्चिम आफ्रिकेतल्या बालमजुरीपासून सुरू होते, आणि ते रास्तच आहे. शिकागोच्या नॉर्क या संशोधन संस्थेनं २०२० च्या अहवालात आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत कोकोच्या कामात जुंपलेल्या मुलांची संख्या सुमारे १५ लाख ६० हजार दिली होती. जगातला निम्म्याहून अधिक कोको याच दोन देशांतून येतो. पण मुलं शेतात का जातात, याचा शोध घेत गेलं की आपण भावापाशीच येऊन पोचतो. मजूर लावण्याइतकं उत्पन्न त्या घरांना नसतं. म्हणून इथे सुरुवात ओल्या बियांपासून आणि त्या विकत घेणाऱ्याच्या वागण्यापासून केली आहे.

आधी झाडाची ओळख करून घेऊ. कोकोचं मूळ अ‍ॅमेझॉनच्या वरच्या खोऱ्यात आहे. इक्वेडोरच्या आग्नेय भागातल्या उत्खननात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या भांड्यांवर कोकोचे अंश सापडले आहेत. हे झाड मोठ्या जंगलाच्या सावलीत वाढलेलं. त्याची फुलं खोडावर आणि जाड फांद्यांवर येतात, फणसासारखी, आणि फळंही तिथेच लटकतात. एका झाडाला वर्षात हजारो फुलं लागतात, पण त्यांतल्या शंभरातल्या जेमतेम काहींचंच फळ होतं. कारण फुलाची ठेवण अशी की मधमाशीला आत शिरताच येत नाही. परागण होतं ते डोळ्यांना धड दिसणारही नाहीत अशा चिलटांकडून. ही चिलटं ओलसर पालापाचोळ्यात, कुजणाऱ्या केळीच्या खुंटांत, सडत पडलेल्या सालींत वाढतात. बाग झाडून लख्ख करणारा माणूस स्वतःच्याच हातानं फळं कमी करत असतो. पाचोळा जाळून टाकायची सवय आपल्याकडच्या बागायतीत फार खोल रुजली आहे. कोको लावायचा असेल, तर ती पहिल्याच वर्षी सोडावी लागेल.

आता आंबवण्याकडे वळू. लाकडी पेटीत ओल्या बिया भरतात आणि वर केळीची पानं किंवा गोणपाट घालतात. पहिले दोन दिवस यीस्ट गरातल्या साखरेचा अल्कोहोल करतं. गर पातळ होऊन पेटीच्या फटींतून निथळतो. मग बिया एका पेटीतून दुसऱ्या पेटीत उलटतात. हवा खेळली की दुसरे जिवाणू त्या अल्कोहोलचं आम्ल करतात आणि ढीग तापतो. तापमान ४५ ते ५० अंशांपर्यंत चढतं. या उष्णतेनं आणि आम्लानं बीमधला अंकुर मरतो, पेशींच्या भिंती फुटतात, आणि आतली रसायनं एकमेकांत मिसळून बदलायला लागतात. तुरटपणा उतरतो, जांभळी बी तपकिरी होते. पुढे भाजताना जो चॉकलेटचा वास सुटतो, त्याची सगळी तयारी या पाच-सात दिवसांत होते. न आंबवलेली बी कितीही निगुतीनं भाजली तरी तिला तो वास येत नाही. ढीग लहान असला तर तो तापतच नाही. साधारण अर्धा क्विंटल तरी ओली बी एकत्र लागते, आणि त्याहून जास्त असेल तर बरं. त्यानंतर उन्हात वाळवून ओलावा सात टक्क्यांपर्यंत आणायचा. तीन किलो ओल्या बियांची सुकून साधारण एक किलो होते.

मोठ्या कारखान्याला यातल्या बारकाव्यांची फारशी गरज नसते. त्याला लाखो वड्या एकाच चवीच्या हव्या असतात. निरनिराळ्या देशांची बी एकत्र करून, जोरकस भाजून, दूध, साखर आणि व्हॅनिला घालून ती चव गाठता येते. एखाद्या शेतकऱ्यानं उत्तम आंबवलेली बी दिली काय किंवा बरी दिली काय, तिथे दोन्ही एकाच काट्यावर, एकाच भावानं तोलली जातात. क्राफ्ट चॉकलेट करणाऱ्याचं तसं नाही. तो बी स्वतः निवडतो, भाजतो, सोलतो, दोन-तीन दिवस दळतो, आणि त्याच्या वडीत पुष्कळदा दोनच जिन्नस असतात: बी आणि साखर. वाईट आंबवलेली बी झाकायला त्याच्याकडे काही नसतं. चांगल्या बीसाठी तो शेतकऱ्याच्या दारी जातो, तो या गरजेपोटी. मला या नात्याचा पाया म्हणून ही गरज परोपकाराहून अधिक भक्कम वाटते. परोपकार आटतो, गरज राहते.

जाता जाता एक गोष्ट सांगायला हवी. क्राफ्ट चॉकलेटची ही चळवळ अमेरिकेत २००० नंतरच्या दशकात उभी राहिली, आणि तिचं मुख्य यंत्र आपल्याकडून गेलं. छोट्या प्रमाणावर कोको बारीक दळायला तिथे काही मिळत नव्हतं. तेव्हा कोइम्बतूरला बनणारे, इडली-डोशाचं पीठ वाटणारे दगडी पाट्याचे ग्राइंडर थोडे फेरफार करून वापरात आले. आज जगभरच्या शेकडो छोट्या चॉकलेटवाल्यांकडे त्याच ग्राइंडरचे वंशज दिवसरात्र फिरत असतात.

भारतात कोकोची व्यापारी लागवड सुरू झाली ती १९६५ मध्ये. कॅडबरी कंपनीनं केरळात वायनाडमधल्या चुंडाळे इथे प्रात्यक्षिक बाग लावली. पुढे केरळ आणि दक्षिण कर्नाटकात माड आणि पोफळीच्या सावलीत हे झाड पसरत गेलं. कंपनी रोपं देई, सल्ला देई आणि बी विकत घेई. शेतकऱ्याला सुपारीच्या बागेत, त्याच पाण्यावर आणि त्याच खतावर दुसरं उत्पन्न मिळत होतं, त्यामुळे १९७० च्या दशकात लागवड वाढतच गेली. पण मोठं गिऱ्हाईक एकच होतं. दशक संपताना आंतरराष्ट्रीय बाजार कोसळला, खरेदीला हात आखडला गेला, आणि फळांनी लगडलेली झाडं बागेत तशीच उभी राहिली. अनेकांनी कुऱ्हाड चालवली. ओली बी विकायला गिऱ्हाईक नाही आणि सुकवून विकायचं तंत्र माहीत नाही, अशा माणसाजवळ दुसरा उपाय नव्हता.

त्या वेळी पुढे आली ती कॅम्पको. सुपारीचा भाव पडल्यानं हैराण झालेल्या कर्नाटक आणि केरळच्या बागायतदारांनी १९७३ मध्ये मंगळूरला उभी केलेली ही सहकारी संस्था. तिनं कोकोची खरेदी सुरू केली. त्यापुढे जाऊन १९८६ मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यातल्या पुत्तूरला स्वतःचा चॉकलेट कारखाना उभारला. सुपारीवाल्यांच्या सहकारी संस्थेनं चॉकलेटचा कारखाना काढावा, हे धाडस आज मागे वळून बघतानाही थक्क करतं. सहकारी साखर कारखान्यांची सवय असलेल्या मराठी वाचकाला त्याची किंमत चटकन कळेल: बाजारात दुसरा खरेदीदार उभा राहिला, आणि तो शेतकऱ्यांच्या मालकीचा होता. कॅम्पकोचं चॉकलेट क्राफ्ट म्हणून मिरवत नाही. ते साधं, सर्वांना परवडणारं चॉकलेट आहे. पण भाव पडलेल्या वर्षी जो खरेदीला उभा राहिला तो खरा भागीदार, या कसोटीवर भारतात तिच्याएवढं मोठं उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

पर्यावरणाच्या बाजूनं पाहिलं तर भारतीय कोकोची गोष्ट वेगळी आहे. आयव्हरी कोस्टमध्ये गेल्या सहा दशकांत बहुतांश जंगल नाहीसं झालं, आणि त्यात कोकोचा वाटा मोठा. जंगल तोडायचं, पहिली वीस-पंचवीस वर्षं त्या सुपीक मातीवर उघड्या उन्हात कोको घ्यायचा, झाडं थकली की पुढचं जंगल गाठायचं, असा तो क्रम होता. थकलेल्या झाडांवर मग पिठ्या ढेकूण फांद्या सुजवणारा विषाणूजन्य रोग पसरवतो, आणि झाड उपटण्यावाचून इलाज राहत नाही. युरोपीय संघानं २०२३ मध्ये कायदा केला, तो या पार्श्वभूमीवर. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडलेल्या जमिनीवरचा कोको युरोपात विकता येणार नाही, आणि प्रत्येक शेताचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. अंमलबजावणीची तारीख मात्र पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली आहे.

भारतात कोकोसाठी कोणी जंगल पाडलं नाही. तो आधीपासून असलेल्या बागेत पाहुणा म्हणून आला. कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेनं १९७० च्या दशकापासून बहुमजली बागेचा जो अभ्यास केला, त्यातलं एक निरीक्षण मोलाचं आहे. साडेसात मीटर अंतरावर लावलेल्या माडांची कामाची मुळं बागेतली जवळपास पाव जमीनच वापरतात. उरलेली मोकळी असते. झाडं उंच गेली की मधून ऊनही पुरेसं उतरतं. तिथे कोको बसतो. पोफळीच्या बागेत, जिथे झाडं २.७ मीटरवर असतात, तिथे एकाआड एक ओळीत कोको लावायची शिफारस आहे. कोकोची पानं सतत गळतात, छाटणीचा पाला वेगळा. मातीवर जाड थर साचतो, ओल टिकते, आणि वर सांगितलेल्या चिलटांचं घरही तिथेच होतं. आंध्रात गोदावरीच्या दोन्ही तीरांवरच्या जिल्ह्यांत माड आणि तेलताडाखाली हेच घडलं, आणि आज देशात सर्वाधिक कोको तिथेच पिकतो.

याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा नाही. दाट सावली आणि पावसाळी दमटपणा एकत्र आले की फळं काळी पडून कुजतात. सुपारीचा कोळेरोग ज्या कुळातल्या बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे होतो, त्याच कुळाचा हा उपद्रव आहे, आणि त्यावरही बोर्डो मिश्रणच मारतात. पण त्यातल्या ताम्राचा अतिरेक मातीला चांगला नाही. म्हणून खरा उपाय छाटणीचा: झाड एकाच मजल्यावर ठेवायचं, वारा खेळता ठेवायचा, कुजलेलं फळ दिसताक्षणी काढून बागेबाहेर न्यायचं. शिवाय खारी आणि उंदीर आहेतच. पिकलेलं फळ माणसाआधी त्यांना कळतं. दर दहा-पंधरा दिवसांनी तोडणी केली तरच निम्मं पीक हाती लागतं, असं सांगणारे बागायतदार पुष्कळ भेटतात. हे सगळं काम हाताचं आहे. ओल्या बियांचा भाव मजुरीला पुरला नाही की शेतकरी आधी छाटणी सोडतो, मग तोडणी लांबवतो, आणि मग रोग येतो. टिकाऊ शेती आणि न्याय्य भाव हे दोन वेगळे विषय नाहीत. एकाच्या पैशातून दुसरं होतं.

भावाचं काय होतं, ते २०२४ नं दाखवलं. पश्चिम आफ्रिकेत वाईट हवामान, रोग आणि म्हाताऱ्या बागा यांमुळे पीक घटलं आणि मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कोको टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला. त्याआधी कित्येक वर्षं तो अडीच हजारांच्या आसपास घुटमळत होता. केरळातल्या इडुक्कीत सुकी बी किलोला हजार रुपयांच्या घरात पोचली. वर्षभरापूर्वी तीच अडीच-तीनशेला जात होती. विसरलेली झाडं लोकांनी पुन्हा छाटली, नवी रोपं लावली. आणि २०२५ मध्ये भाव घसरला. आंध्रच्या एलुरू आणि पश्चिम गोदावरी जिल्ह्यांत शेतकरी रस्त्यावर उतरले, कंपन्या माल उचलत नाहीत, भाव पाडतात असं म्हणू लागले, आणि राज्य सरकारला मध्ये पडावं लागलं. पंचेचाळीस वर्षांपूर्वी केरळ-कर्नाटकात जे घडलं, त्याचीच ही छोटी आवृत्ती होती.

प्रमाणपत्रं यावर उपाय आहेत का? थोडेफार. अशी प्रमाणपत्रं देणाऱ्या फेअरट्रेड संस्थेनं ऑक्टोबर २०१९ पासून सुक्या बीला टनामागे किमान २,४०० डॉलर आणि वर २४० डॉलरचा सामुदायिक निधी ठरवला होता. बाजार कोसळला तर हा तळ उपयोगी पडतो. पण तो तळ बाजारभावाच्या इतका जवळ होता की सामान्य वर्षात शेतकऱ्याच्या हाती फारसं जादा काही येत नसे, आणि सहकारी संस्थांना सगळा माल प्रमाणित म्हणून विकताही येत नाही, कारण तेवढं गिऱ्हाईकच नसतं. घाना आणि आयव्हरी कोस्टच्या सरकारांनी २०१९ मध्ये टनामागे ४०० डॉलरचा वेगळा अधिभार जाहीर केला. खरेदीदारांनी तो मान्य केला आणि गुणवत्तेसाठी मिळणारा जुना वाढावा कापून घेतला. कागदावर शेतकरी जिंकला, व्यवहारात फरक बराचसा जिरून गेला.

मालकीचा मार्ग अधिक सरळ वाटतो, पण तोही वाटतो तितका सोपा नाही. घानात १९९३ मध्ये स्थापन झालेल्या क्वापा कोकू या शेतकरी संघटनेनं १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या चॉकलेट कंपनीत भागीदारी घेतली. पुढे ती डिव्हाइन या नावानं ओळखली गेली. एके काळी शेतकऱ्यांकडे तिचे चाळीस टक्क्यांहून अधिक समभाग होते. २०२० मध्ये एका जर्मन कंपनीनं ती घेतली आणि शेतकऱ्यांचा वाटा वीस टक्क्यांवर आला. समभाग होते, पण कंपनी तोट्यात गेली की मालकाला पैसे घालावे लागतात, आणि घानाच्या शेतकऱ्याकडे ते कुठून येणार?

ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावर मॉट ग्रीन नावाच्या न्यूयॉर्कहून आलेल्या माणसानं १९९९ मध्ये दोन साथीदारांसह याहून छोटा आणि धीट प्रयोग केला. बेटावरची बी बेटावरच चॉकलेट व्हावी, असा त्याचा हट्ट होता. कारखाना खेड्यात, वीज बरीचशी सौर, यंत्रं जुनी दुरुस्त केलेली, आणि कामगार-शेतकरी एकाच सहकारी चौकटीत. २०१२ मध्ये त्याच्या चॉकलेटच्या हजारो वड्या इंजिन नसलेल्या शिडाच्या जहाजातून युरोपात पोचल्या. २०१३ च्या जूनमध्ये, चॉकलेट थंड ठेवायच्या एका सौर यंत्रावर काम करताना विजेचा धक्का बसून तो गेला. कुमकुम भवनानी यांच्या ‘नथिंग लाइक चॉकलेट’ या माहितीपटात त्याचं काम पाहायला मिळतं. कंपनी त्याच्यामागे चालू राहिली, आणि बेटावर आणखी चॉकलेट कारखाने निघाले.

माझ्या मते सर्वांत अनुकरणीय नमुना याहून कमी रोमांचक आहे, आणि तो बेलीझमधला. २०१० मध्ये तिथल्या टोलेडो जिल्ह्यात माया माउंटन काकाओ ही कंपनी सुरू झाली. ती माया शेतकऱ्यांकडून ओली बी गावात जाऊन घेते, रोख पैसे देते, आणि आंबवणं-वाळवणं एका जागी, मोजून-मापून करते. शेतकऱ्याच्या डोक्यावरचा सगळ्यात मोठा धोका, म्हणजे पावसात बी बुरसण्याचा धोका, कंपनीनं स्वतःकडे घेतला. तिच्याशी जोडलेली अनकॉमन काकाओ ही संस्था दर वर्षी आकडे छापते: शेतकऱ्याला किती दिले, निर्यातीचा भाव किती, चॉकलेटवाल्यानं किती मोजले. मॅसॅच्युसेट्सची टाझा आणि सॅन फ्रान्सिस्कोची डँडेलियन हे चॉकलेटवालेही असे अहवाल काढतात. थेट व्यापाराला बाहेरचा तपासनीस नसतो, ‘थेट’ हा शब्द कोणीही वेष्टनावर छापू शकतो, ही टीका खरी आहे. तिला उत्तर एकच: आकडे उघडे करा.

आकड्यांचंच थोडं पाहू. सत्तर टक्के कोको असलेली साठ ग्रॅमची एक वडी घ्या. तिच्यात कोकोचा भाग ४२ ग्रॅम. टरफल आणि ओलावा जाऊन एवढा उरायला साधारण ५५ ग्रॅम सुकी बी लागते. किलोला ४०० रुपये दिले तर वडीतली बी २२ रुपयांची, ६०० दिले तर ३३ रुपयांची. अशी वडी दुकानात तीनशे-साडेतीनशेला विकली जाते. म्हणजे शेतकऱ्याला दीडपट भाव दिला तर वडी अकरा रुपयांनी महागते. उरलेले पैसे दोन-तीन दिवस चालणाऱ्या दळणाला, वातानुकूलनाला, वेष्टनाला, दुकानदाराच्या कमिशनला आणि कराला जातात, आणि छोट्या उत्पादकाला हे सगळं मोठ्यापेक्षा महाग पडतं, हेही मान्य आहे. पण बीचा भाव वाढवला तर आम्ही बुडू, असं म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवावा.

भारतात क्राफ्ट चॉकलेटचा जोर गेल्या दहा-बारा वर्षांतला. ऑरोव्हिलची मेसन अँड कंपनी, म्हैसूरची नविलुना, कोचीची पॉल अँड माइक, मुंबईची पास्कती ही नावं आता ओळखीची झाली आहेत. पोल्लाचीजवळच्या सोकलेटकडे बाग आणि कारखाना दोन्ही आपलेच. या लेखाच्या दृष्टीनं मला दोन ठिकाणं जास्त महत्त्वाची वाटतात. एक, इडुक्कीतल्या उडुंबन्नूरची गोग्राउंड, जी आसपासच्या छोट्या बागायतदारांकडून ओली बी घेऊन स्वतः आंबवते. दुसरं, गोदावरीच्या खोऱ्यातलं ताडिकलपूडी, जिथे हैदराबादच्या मनम चॉकलेटचं आंबवण केंद्र आहे. मनमच्या दुकानाला ‘टाइम’ नियतकालिकानं २०२४ मध्ये जगातल्या प्रेक्षणीय जागांच्या यादीत घेतलं, पण खरी प्रेक्षणीय जागा ते केंद्र आहे. तिथे आंबवणं हे शेवटचं कंटाळवाणं काम न राहता मुख्य काम होतं: पेटी कधी उलटायची, तापमान किती, आम्ल किती, याची नोंद रोज ठेवली जाते.

मर्यादाही सांगायला हव्यात. क्राफ्टवाले विकत घेतात ते देशातल्या पिकाचा अगदी लहान भाग, आणि तोही निवडून. ज्या शेतकऱ्याची तीस टक्के बी चांगल्या भावानं गेली, त्याची सत्तर टक्के अजून मोठ्या कंपनीच्या काट्यावरच जाते. क्राफ्टची चळवळ सगळ्यांना तारेल, असं समजण्यात अर्थ नाही. तिचा उपयोग वेगळा आहे. बाजारात आणखी एक खरेदीदार आला की पहिल्याला आपला भाव सुधारावा लागतो. चांगली बी आणि बरी बी यांत फरक आहे हे तिनं काट्यावर सिद्ध केलं.

कोकणाचा आणि गोव्याचा संबंध इथे येतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आणि गोव्याची कुळागरं यांची रचना कोकोला साजेशी आहे. एकाच जागेत माड, मिरी, जायफळ, दालचिनी, केळ घेण्याची रीत आपल्याकडे जुनी; दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं भाट्ये इथल्या नारळ संशोधन केंद्रात विकसित केलेली ‘लाखी बाग’ हे तिचंच शास्त्रीय रूप. आज कोकणात कोको तुरळक दिसतो. मुंबई जवळ आहे, मुंबईत चॉकलेट करणारे आहेत, आणि आपल्याच किनाऱ्याची बी मिळाली तर ती त्यांना हवी असेल.

पण घाई नको. काजूत आपण काय केलं, ते आठवा: वर्षानुवर्षं बी कच्ची विकली आणि गराचा पैसा दुसऱ्याकडे गेला. कोकोत ही चूक आणखी महाग पडेल, कारण काजू बी निदान गोणीत थांबते. शिवाय एका हंगामाचा माल ऐन मृगात येतो, तेव्हा कोकणात ऊन कुठलं? पेट्या आणि ड्रायर यांची सोय आधी हवी, आणि ती एकट्यानं परवडणारी नाही. पंधरा-वीस वाड्या मिळून एक केंद्र, तिथे ओली बी रोजच्या रोज घेणारा आणि आठवड्याच्या आत पैसे देणारा माणूस, आणि किमान तीन वर्षांचा लेखी भाव, ज्यात बाजार पडला तरी खाली न जाणारा आकडा लिहिलेला असेल, एवढं जमलं तर कोको लावा. रोपवाटिकेतून रोपं स्वस्त मिळतात म्हणून लावू नका.

आणि चॉकलेट घेणाऱ्यांनी वेष्टन उलटून पाहा. वडीवर जंगलाचं चित्र असतं, पक्षी असतात, शेतकऱ्याचा हसरा चेहराही असतो. बी कोणत्या जिल्ह्याची, कुठे आंबवली आणि किलोला काय भाव दिला, हे लिहिलेलं नसेल तर कंपनीला पत्र लिहून विचारा. जी सांगेल तिची वडी घ्या.